लेकराचं वागणं बदललंय? वेळीच तपासणी करा. जाफराबाद तालुक्यातील पालकांसाठी महत्त्वाची माहिती

जाफराबाद : लेकराला ताप आला की आई-वडील त्याच दिवशी दवाखाना गाठतात. पण तेच लेकरू महिनाभर गप्प राहिलं, रात्री झोपेना, शाळेत जाईना, तर ‘वय आहे, होईल नीट’ म्हणून सोडून दिलं जातं. काही घरांत आधी अंगारा-धुपारा होतो आणि वर्ष निघून जातं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार जवळपास निम्मे मानसिक आजार वयाच्या १८ वर्षांपर्यंत सुरू झालेले असतात. देशात २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये असा त्रास आढळला, म्हणजे शंभरात सात.

कोणाकडे जास्त लक्ष द्यावे?
घरात कोणाला मानसिक आजार आहे, आई किंवा वडील गेले आहेत, दारू-मारहाण आहे किंवा ऊसतोडीमुळे शाळा सारखी तुटते, अशा मुलांना धोका जास्त असतो. म्हणजे आजार होणारच असं नाही. लक्ष लवकर द्यायचं, एवढंच.

ही लक्षणे ओळखा
- वर्षाचं लेकरू नावाने हाक मारली तरी वळत नाही.
- दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही.
- शाळकरी मूल एका जागी टिकत नाही, किंवा हुशार असूनही वाचता-लिहिता येत नाही.
- मोठी मुलं एकटी राहतात, चिडतात, जेवण-झोप बिघडते, आपल्याच कानात आवाज येतात असं सांगतात.

तपासणी कुठे होते?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक फक्त डोळे-दात पाहत नाही. उशिरा बोलणं, स्वमग्नता, अभ्यासातली अडचण हेही पाहतं. पण पथकाला मूल काही मिनिटंच दिसतं. म्हणून घरी जे दिसतं ते अंगणवाडी ताई, आशा ताई किंवा गुरुजींना आधीच सांगावं. मूल ऊसतोडीला गेल्यामुळे तपासणी हुकली, तर परत आल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. तपासणीत शंका आली म्हणजे आजार ठरला असं नव्हे. पुढची तपासणी तज्ज्ञ डॉक्टर करतात.

घरबसल्या मदत
‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

हे विसरू नका
मूल मरणाची भाषा बोललं तर त्याला नाटक समजू नये. रागावू नये, एकटं सोडू नये, फवारणीचं औषध लगेच कुलपात ठेवावं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. लोक काय म्हणतील, हा विचार नंतर, लेकरू आधी.