गारवा आपला, आवाज शेजाऱ्याचा
(गच्चीवरच्या यंत्रांचा एक छोटासा इतिहास)

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत प्लॉट कसा घेतला, बोअरला पाणी कधी लागलं, पहिला गणपती कुणी बसवला, हे सगळं येतंच आणि यायलाच पाहिजे. गच्चीबद्दल मात्र सहसा कुणी लिहीत नाही. पण आपल्या इमारतीचा पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त बदललेला भाग कोणता असं विचारलं, तर उत्तर गच्ची हेच येईल. सुरुवातीला तिथे पाण्याच्या टाक्या होत्या, टीव्हीचे अँटेने होते आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडांची वाळवणं असायची. मग डिशच्या छत्र्या आल्या, सोलर आले, प्रेशर पंप आले आणि एसीची बाहेरची युनिटं रांगेनं बसली. वस्तू वाढल्या तसा आवाजही वाढला. तो आला कुठून आणि त्याला आवर कसा घालायचा, याचा हा धावता आढावा.

माळवदाचा काळ

वसमतच्या जुन्या वस्तीतली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना माळवद सांगायला नको. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही तशाच रुंद. दिवसभराचं ऊन या मातीतून आत झिरपायला वेळ लागायचा आणि तोवर संध्याकाळ व्हायची. रात्री अंथरुणं घेऊन सगळे माळवदावर. खाली माठ, दाराला वाळ्याचा पडदा. मराठवाड्याच्या उन्हाळ्याशी हा जुना करार होता आणि त्यात फिरणारी वस्तू एकही नव्हती. जे फिरत नाही ते वाजत नाही. म्हणून त्या गारव्याला आवाजच नव्हता.

पुढे सरकारी कचेऱ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत आढ्याला टांगलेला कापडी पंखा आला. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जायची आणि व्हरांड्यात बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढायचा. वारा आत, घाम बाहेर. एकोणिसाव्या शतकातच ‘थर्मांटिडोट’ नावाची लाकडी पेटी निघाली. ती खिडकीला लावायची, बाजूला ओले वाळ्याचे ताटवे आणि आत हातानं फिरवायचा पंखा. आपल्या पत्र्याच्या कूलरचं हे आजोबाच म्हणायचे. ते फिरवणारा माणूसही बाहेरच उभा. गारव्याचा त्रास भिंतीच्या पलीकडे ढकलायची सवय इथून लागली. या लेखात पुढे जे काही येतं, ते याच सवयीचं नवं नवं रूप आहे.

यंत्र आलं ते कागदासाठी

आज ज्याला आपण एसी म्हणतो, त्याची सुरुवात माणसांसाठी झाली नाही हे वाचून गंमत वाटेल. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्याची अडचण होती. दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जुळायचे नाहीत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरनं हवेतला दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. कागदासाठी केलेली सोय पुढे माणसांच्या कामी आली, आणि ती लोकांपर्यंत पोचली मुख्यतः सिनेमागृहांतून. मुंबईत १९३३ साली सुरू झालेलं रीगल हे आपल्याकडच्या सुरुवातीच्या वातानुकूलित चित्रगृहांपैकी एक. पुढे मुंबईतच १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या उभ्या राहिल्या आणि हे यंत्र हळूहळू कचेऱ्यांत, मग श्रीमंत घरांत आलं.

घरात आलेला पहिला एसी खिडकीतला. त्याचा कॉम्प्रेसर तिथेच घरघरायचा. अर्धा आवाज गल्लीला, अर्धा मालकाच्या उशाला. यंत्र बिघडलं, खडखडायला लागलं की सगळ्यात आधी मालकाचीच झोप उडायची, म्हणून दुरुस्तीही लवकर व्हायची.

मग स्प्लिट एसी आला. जपानी कंपन्यांनी १९६० च्या दशकात घरगुती यंत्राचे दोन भाग केले. शांत भाग खोलीत, कॉम्प्रेसर आणि मोठा पंखा बाहेर. सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण एक गोष्ट त्यात हरवली. आपल्याच यंत्राचा आवाज मालकाच्या कानावर यायचा बंद झाला. खालच्या मजल्यावरच्या घराचं युनिट गच्चीवर बसलं, तर त्याची घरघर ऐकू येते ती सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला. यंत्र एकाचं आणि जागरण दुसऱ्याचं. आवाजाच्या भांडणांची मुळं माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी या रचनेत शोधली पाहिजेत.

आपला कूलर आणि साठचा आकडा

मराठवाड्यात मात्र बरीच वर्षं राज्य केलं ते कूलरनं. आपला उकाडा कोरडा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणून मे महिन्यात कूलर उत्तम चालतो आणि पाऊस पडून हवा दमट झाली की नुसतंच चिकचिक होतं. पत्रा कापून, वेल्डिंग करून गावातच तयार होणारा, बाजूला गवताच्या जाळ्या आणि मागे मोठा पंखा असलेला हा डबा खिडकीबाहेर, ओट्यावर, गच्चीवर, मिळेल तिथे उभा राहिला. ज्याच्या खोलीत वारा येतो त्याला तो घोंघाट अंगाईसारखा वाटतो. समोरच्या खिडकीतल्याला मात्र ती चक्की वाटते.

फार जणांना माहीत नसेल, पण कूलरच्या आवाजाची मर्यादा सरकारनं केव्हाच ठरवलेली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या नियमांत १९९० साली घरगुती यंत्रांसाठी कारखान्यातच पाळायच्या मर्यादा आल्या. कूलरला ६० डेसिबल, एक ते दीड टनाच्या खिडकी एसीला ६८, फ्रिजला ४६. हे साधण्याची मुदत होती ३१ डिसेंबर १९९३. पण गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये ठोकून केलेल्या कूलरला मीटर कोण लावणार? शिवाय ही मर्यादा एका यंत्राची. एका गच्चीवर किती यंत्रं असावीत, हे त्यात कुठेच नाही.

इथे डेसिबलचं गणित थोडं समजून घेऊ. ते साध्या बेरजेचं नाही. ६० डेसिबलची दोन यंत्रं शेजारी चालली तर १२० होत नाहीत, ६३ होतात. चार झाली की ६६, आठ झाली की ६९. कानाला साधारण दहा डेसिबलची वाढ म्हणजे आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे गच्चीवर एकेक युनिट वाढतं तेव्हा कुणाला फारसं जाणवत नाही, आणि काही वर्षांनी अचानक सगळेच म्हणतात, “आधी एवढा आवाज नव्हता बुवा!”

नियमही पंचवीस वर्षांचा

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. त्याच वर्षी, १४ फेब्रुवारी २००० रोजी, केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम जाहीर केले. म्हणजे सोसायटी आणि हा नियम एकाच वयाचे.

या नियमांनुसार निवासी भागात दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. न्यायालयांनीही हा विषय गंभीरपणे घेतला. १८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि ऑगस्ट २०१६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचे मानले जातात. पण त्या लढायांचा रोख मुख्यतः लाऊडस्पीकर, फटाके, हॉर्न आणि मंडपांवर होता. गच्चीवर रात्रभर एकाच सुरात घरघरणारं यंत्र त्या चर्चेत मागेच राहिलं.

आणि नियमात एक बारकावा आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असेल, तर या नियमांखाली तक्रार करता येते. म्हणजे रात्री मर्यादा ४५ ची आणि तक्रारीचं दार उघडतं ५५ ला. या दोन आकड्यांच्या मधे जी जागा आहे, तिथेच गच्चीवरची बहुतेक यंत्रं बसतात. झोप मोडेल एवढा आवाज, पण तक्रार टिकेल एवढा नाही. ही जागा पोलिसांनी भरायची नाही, शेजाऱ्यांनी भरायची आहे. ‘सहकारी’ हा शब्द आपल्या नावात आहे तो अशाच जागांसाठी.

“आमचा कूलर आधीपासून आहे, तुम्ही नंतर राहायला आलात,” हे वाक्य प्रत्येक इमारतीत एकदा तरी ऐकू येतं. याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये मिळतं. तिथे एका मिठाईवाल्याचे मोठे खल वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरनं बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि कुटण्याच्या आवाजानं त्याला रोगी तपासता येईनात. १८७९ साली न्यायालयानं डॉक्टरच्या बाजूनं निकाल दिला. स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला आपल्याकडेही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. तात्पर्य एवढंच, की आधी आलेला आवाज हा काही वडिलोपार्जित हक्क होत नाही.

लोडशेडिंगनं दिलेला धडा

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. लाईट जायची ती तासन्‌तास. लोक चटया घेऊन गच्चीवर यायचे. अंधारात गप्पा रंगायच्या, लांबच्या रस्त्यावरची एसटी ऐकू यायची, पोरं तारे मोजायची. मग लाईट यायची, आणि एका क्षणात सगळे कूलर, पंप, पंखे एकदम सुरू व्हायचे. तेव्हा कळायचं की आपण रोज केवढ्या आवाजात राहतो. सवय झालेला आवाज कानाला कळत नाही, पण झोपेला कळतो.

लोडशेडिंग परत यावं असं कोणीही म्हणणार नाही. पण त्या शांततेची आठवण मापासारखी वापरता येईल. रात्री सगळी यंत्रं पाच मिनिटं बंद ठेवून मग एकेक सुरू केलं, तर कोणतं यंत्र सगळ्यात जास्त वाजतं हे कुणालाही सांगता येईल. त्याला महागडं मीटर लागत नाही.

आवाज उतरतो कशानं?

इतक्या वर्षांच्या अनुभवातून यंत्रशास्त्रानं जे शिकवलं, ते आपल्या मिस्त्रीलाही पटेल असं साधं आहे.

पहिली गोष्ट जागा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. शेतात हळद शिजवायचा कुकर आणि पॉलिशचा ड्रम कितीही खडखडला तरी कुणाची तक्रार नसते, कारण मधे अंतर असतं. गच्चीवर तेवढं अंतर मिळत नाही, पण युनिट कुणाच्या झोपायच्या खोलीवर न ठेवता जिन्याच्या किंवा टाकीच्या बाजूला सरकवता येतं. दोन भिंतींच्या कोपऱ्यात कोंबलेलं युनिट जास्त वाजतं, कारण भिंती आवाज परत फेकतात.

दुसरी गोष्ट बैठक. वरच्या मजल्यावर जो त्रास होतो, त्यात हवेतून येणारा आवाज थोडा असतो आणि स्लॅबमधून उतरणारी थरथर जास्त असते. स्लॅब म्हणजे ताणलेलं हलगीचं कातडं. लोखंडी स्टँड थेट त्यावर ठोकला की यंत्र वाजवणारा होतो आणि खालची खोली वाजते. स्टँडखाली जाड रबराचे पॅड घालायचे आणि स्टँड स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमवर ठेवायचा. खर्च फारच थोडा, फरक मोठा. भिंतीतून जाणाऱ्या पाइपलाही हेच लागू.

तिसरी गोष्ट वेग. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलनं उतरतो. लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही चांगलं. इन्व्हर्टर एसी रात्री शांत वाटतो तो यामुळेच. खोली गार झाली की कॉम्प्रेसर आणि पंखा मंद होतात. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीचं तापमान सुरू होताना २४ अंशांवरच असतं, ते वीज वाचवण्यासाठी. ते १८ वर न्यायचं नाही ठरवलं, तर बिलाबरोबर शेजाऱ्याची झोपही वाचते.

चौथी गोष्ट आडोसा. हिरवी जाळी ऊन अडवते, आवाज अजिबात अडवत नाही. पत्रा लावला तर तो स्वतःच वाजतो. भरीव विटांची बुटकी भिंत, जिच्यामुळे खिडकीतून यंत्र दिसेनासं होतं, ती सुमारे ५ डेसिबल कमी करते. मात्र युनिटला श्वास घ्यायला जागा ठेवलीच पाहिजे. कोंडलं की ते तापतं, जास्त काम करतं आणि आणखी ओरडतं.

पाचवी गोष्ट देखभाल. ढिला स्क्रू, वाकलेलं पातं, वंगण संपलेलं बेअरिंग, धुळीनं भरलेली जाळी. होळीच्या आसपास आपण कूलरचं गवत बदलतोच, त्याच दिवशी हेही बघायचं.

आणि गच्चीवरचा एक सभासद कधीच बोलत नाही, त्याची नोंद करू. सोलरच्या बंबात तापलेलं पाणी आपोआप वर चढतं आणि गार पाणी खाली येतं. पंप नाही, मोटर नाही, म्हणून आवाजही नाही. माळवदाची शहाणी परंपरा आपल्या गच्चीवर चालवतो आहे तो हाच.

पुढच्या पंचवीस वर्षांसाठी

उन्हाळे सोपे होणार नाहीत आणि एसी कमी होणार नाहीत. म्हातारी माणसं, लहान मुलं, रात्रपाळी करून आलेली माणसं यांना गारवा ही आता चैन राहिलेली नाही. म्हणून ‘गच्चीवर यंत्र नको’ हा ठराव चालणार नाही. पण झोपही तेवढीच गरजेची आहे, म्हणून ‘ज्याला जिथे वाटेल तिथे’ हेही चालणार नाही.

गच्ची सगळ्यांची आहे. नवं युनिट बसवण्याआधी समितीला कळवायचं, जागा गच्चीवर आखून ठेवायच्या, रबराचे पॅड सक्तीचे करायचे आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला आधी विचारायचं, अशी चार ओळींची नियमावली येत्या सर्वसाधारण सभेत मंजूर करता येईल. यंत्र बसल्यावर हलवणं भांडणाचं होतं. बसण्याआधी जागा ठरवणं चहाच्या कपावर होतं.

व्हरांड्यात बसून पंख्याची दोरी ओढणाऱ्या त्या माणसाचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. आपल्या गारव्याचा भार आज ज्याच्यावर पडतो, त्याचं नाव मात्र आपल्याला माहीत आहे. ते खाली जिन्यापाशी, सभासदांच्या पाटीवर लिहिलेलं आहे.