कामाच्या ठिकाणच्या मूलभूत सुविधा बंद पडल्यास कामगारांचे हक्क (हिंगोली जिल्हा)

पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, उजेड, हवा, वीज यांपैकी काही कामाच्या जागी बंद पडले, तर कामगाराला काय मागता येते, कोणाकडे मागता येते आणि खोळंबलेल्या वेळेची मजुरी कोणाच्या अंगावर पडते, यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात या तरतुदींचा प्रश्न बड्या कारखान्यांपेक्षा हंगामी आणि लहान जागांवर अधिक येतो. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना, सरकी काढणाऱ्या जिनिंग, हळद शिजवण्याची व पॉलिश करण्याची शेडे, हिंगोलीचे संत नामदेव मार्केट यार्ड, रोजगार हमीची कामे आणि सरकारी कचेऱ्या ही इथली मुख्य कामाची ठिकाणे.

सुमारे पाऊणशे वर्षे या तरतुदींचा आधार होता कारखाने अधिनियम, 1948. त्याच्या कलम 18 मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय नुसती करायची नव्हे, तर ती चालू राखायची, अशी भाषा होती. 250 पेक्षा अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात ते पाणी गारही लागे. कलम 19 म्हणत असे की संडास-मुतारी कामगार कारखान्यात असेल त्या सर्व वेळी त्याला वापरता आली पाहिजे. म्हणून कुलूप लावलेले स्वच्छतागृह आणि मुळात न बांधलेले स्वच्छतागृह यांत कायद्याच्या लेखी फारसा फरक नाही. ‘मोटार जळाली आहे, मिस्त्री येतोय’ हे मराठवाड्यात वर्षानुवर्षे चालत आलेले उत्तरही त्यामुळे बचाव ठरत नाही. फार तर खुलासा ठरते. पाण्याच्या जारसाठी कामगारांकडून वर्गणी काढण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. कलम 114 नुसार कायद्याने बंधनकारक असलेल्या सोयीसाठी कामगाराकडून पैसे घेता येत नव्हते.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, 2020 मध्ये विलीन झाला. पाणी, उजेड, हवा, स्वच्छतागृह यांची यादी संहितेच्या कलम 23 मध्ये कायम आहे आणि स्वच्छतागृहांच्या बाबतीत तृतीयपंथीयांचा उल्लेख नव्याने आला आहे. कंत्राटी कामगारांना या सोयी देण्याची जबाबदारी आता थेट मुख्य मालकावर आहे. जुन्या कायद्यात ती आधी ठेकेदारावर होती आणि त्याने टाळली तरच मालकाकडे येई. मात्र कारखान्याची व्याख्या सैल झाली: विजेवर चालणाऱ्या जागेसाठी 10 ऐवजी 20 आणि विजेशिवाय चालणाऱ्या जागेसाठी 20 ऐवजी 40 कामगार. दहाबारा माणसांवर चालणारे हळदीचे शेड त्यामुळे कारखाना राहिलेले नाही. ‘आस्थापना’ म्हणून दहाची मर्यादा गाठली तरच त्याला संहिता लागू होते. केंद्र व राज्य सरकारची कार्यालये संहितेच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, पण तिथल्या कंत्राटी कामगारांना ती लागू आहे. परिणामी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नळाला पाणी नसेल, तर या संहितेखाली तक्रारीचा हक्क कंत्राटी सफाई कामगाराला आहे, लिपिकाला नाही.

संहितेच्या कलम 14 ने सुरक्षा व आरोग्याची सोय अपुरी असल्यास मालकाकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका वाटल्यास कामगार मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. या निरीक्षकाच्या नावाला आता ‘सुविधाकार’ असे शेपूटही जोडले आहे. मालकाला धोका पटला तर त्याने ताबडतोब उपाय करायचा, न पटला तर निर्णय निरीक्षकाचा. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 रोजी हिंगोली परिसरात 4.5 तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. अशा धक्क्यानंतर भिंतीला तडा गेलेल्या गोदामात काम करण्याचा प्रसंग या कलमात सरळ बसतो. एक दिवस पाणी नसण्याचा प्रसंग तितका सरळ बसत नाही, मग बाहेर पारा चाळिसाच्या वर का असेना.

सांगण्याचा हक्क आहे, उठून जाण्याचा स्पष्ट हक्क मात्र नाही. औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जातो. नोटीस न देता व वाजवी कारणाशिवाय दहा किंवा अधिक जण ठरवून गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची वाट कायद्यात पूर्वीपासून आहे. ‘वाजवी कारण’ या दोन शब्दांवरच इथे सगळी भिस्त. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात जानेवारी 1959 मध्ये जागा गरम ठेवणारी भट्टी बंद पडून कडाक्याची थंडी झाली, तेव्हा सात कामगार घरी निघून गेले आणि त्यांना काढून टाकण्यात आले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली कामगारांच्या बाजूने निकाल दिला. भारतीय कायद्यात अशी ठाम वाट लिहिलेली नाही.

मजुरीचा हिशोब वेगळा आहे. वीज नसल्याने किंवा यंत्र बिघडल्याने काम देता आले नाही, तर पूर्वीच्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 नुसार आणि आता औद्योगिक संबंध संहितेनुसारही त्याला ले-ऑफ म्हणतात. वर्षभराची सलग सेवा झालेल्या कामगाराला त्या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. पण ही तरतूद 50 हून कमी कामगारांच्या आणि हंगामी स्वरूपाच्या उद्योगांना लागू नाही, आणि नव्या संहितेतही ही सूट तशीच आहे. साखर, जिनिंग, हळद हे हिंगोलीचे तिन्ही धंदे हंगामाचेच.

तरीही रोजंदारीवरच्या माणसाच्या हाती एक तरतूद उरते आणि प्रस्तुत विषयात तीच सर्वांत उपयोगी ठरावी. किमान वेतन अधिनियम, 1948 चे कलम 15 आणि आता वेतन संहिता, 2019 चे कलम 10 म्हणते की दिवसावर मजुरी ठरलेल्या कामगाराला मालकाने काम पुरवले नाही म्हणून तो कमी तास राबला, तरी पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी. स्वतः काम करायची तयारी नसेल तर मात्र नाही. भारनियमनामुळे पॉलिशचा ढोल दुपारी थांबला आणि बायकांना अर्ध्या रोजावर घरी पाठवले, तर उरलेला अर्धा रोज मागता येतो. कामगारसंख्येची किंवा हंगामाची अट इथे नाही. जाताना ‘काम असेल तर आम्ही थांबतो’ असे मुकादमाला चारचौघांत सांगून ठेवणे पुढे पुराव्याच्या कामी येते.

रोजगार हमीच्या कामांवर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार पेटी आणि मुले सांभाळण्याची सोय 2005 च्या केंद्रीय कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोंदवली होती. सहा वर्षांखालील पाच मुले असली की त्यांच्यासाठी एक बाई नेमायची होती. यातली सावली खडीच्या कामावर सहसा बाभळीचीच असते.

तक्रार कारखान्याबाबत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुकान व इतर आस्थापनांबाबत सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. भारताने 1949 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 81 क्रमांकाच्या करारानुसार तक्रारदाराचे नाव निरीक्षकाने गुप्त ठेवायचे असते. बारा बायकांच्या शेडमध्ये ते नाव मुकादमाला बहुधा संध्याकाळपर्यंत कळते.