तारेतून आवाज गेलाच नव्हता

तार आली म्हटलं की घरात धस्स व्हायचं, ते दिवस आता सरले. १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झालेली आपली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मोर्सची सांकेतिक लिपी मात्र हौशी रेडिओवाल्यांनी जपली आहे. त्यांतलाच मी एक. परगावच्या मित्राशी इंटरनेटवरून मोर्सचा सराव सुरू केला आणि पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. सूर मध्येच तुटायचा आणि मी पाठवलेला ‘टी’ त्याला ‘आय’ ऐकू यायचा.

असं का व्हावं? मोर्समध्ये सगळा अर्थ असतो तो वेळेत. रेघ म्हणजे तीन टिंबांएवढा लांब सूर. मिनिटाला वीस शब्दांचा वेग धरला, तर एक टिंब ६० मिलिसेकंदांचं. इंटरनेटवर आवाज जातो तो बहुधा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी. ओळीने तीन तुकडे गहाळ झाले की एक टिंब गडप! रेघेचा मधला भाग गेला, तर तिची दोन टिंबं होतात; म्हणजेच ‘टी’चा ‘आय’. बोलण्यातली एवढी गळती आपला कान भरून काढतो. इथे अक्षरच बदलतं.

आलेले तुकडे क्षणभर साठवून मग वाजवले, तर उशिरा आलेले सामावले जातात. हरवलेले परत येत नाहीत. शिवाय थांबणं वाढवलं, तर संभाषणाची गंमत जाते.

उत्तर सापडलं ते जुन्या तारयंत्रात. २४ मे १८४४ रोजी मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला संदेश पाठवला, तेव्हा तारेतून आवाज गेलाच नव्हता. गेला तो वीजप्रवाह, कधी चालू, कधी बंद. पलीकडचं यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवी. यंत्राच्या टकटकीवरूनच मजकूर कळतो, हे तारमास्तरांच्या कानांनी पुढे हेरलं आणि पट्टी मागे पडली. लांबच्या पल्ल्यात प्रवाह क्षीण होई, म्हणून वाटेत ‘रिले’ असे. क्षीण प्रवाहाने फक्त एक पट्टी हलवायची. पुढचा जोर तिथल्या बॅटरीचा. जोर नवा, पण लय मूळचीच.

आम्हीही तेच केलं. आवाज पाठवणं सोडलं. कळ कधी दाबली आणि कधी सोडली, तेवढ्या वेळा पाठवू लागलो. प्रत्येक पॅकेटात आधीच्या काही वेळाही पुन्हा घातल्या; एक हरवलं, तर पुढचं ती उणीव भरून काढतं. सूर काढतो तो पलीकडचा संगणक. थोडा उशीर राहिलाच, पण तुटणं जवळजवळ थांबलं.

जुने तारमास्तर ठोक्यांच्या लयीवरून पलीकडचा माणूस ओळखत. त्या रात्री मित्राने कळवलं, “आता तुझा हात ओळखू येतो.” मला तेवढंच हवं होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)