‘वॉज’ की ‘वेअर’?

परवा कोरमंगल्यातल्या आमच्या घरी नातीने विचारलं, “आजोबा, ‘ही’ला ‘वॉज’ लागतं ना? मग पुस्तकात ‘ॲज इफ ही वेअर’ कसं?” उत्तर देता देता मला माझाच एक जुना कागद आठवला.

तरुण अधिकारी असताना एका जवानाबद्दल मी लिहिलं होतं, ‘ही वॉक्स ॲज इफ ही वेअर इंज्युअर्ड’. मला म्हणायचं होतं, पायाला इजा दिसते, तपासा. वरिष्ठांनी वाचलं, इजा नाही, सोंग आहे. तपासणी आठवडाभर लांबली आणि हाड मोडलेलं निघालं. चूक माझी. तिथे ‘इज’ हवं होतं.

असं का होतं? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घडलेल्या गोष्टीसाठी क्रियापदाचं एक रूप होतं. कल्पना, इच्छा, शंका यांसाठी वेगळं. पुढच्या शतकांत शेवटचे प्रत्यय झिजले आणि भूतकाळातली ही दोन्ही रूपं बहुतेक सगळीकडे एकसारखी झाली. म्हणून इंग्रजीत आत्ताची, पण खरी नसलेली गोष्टसुद्धा भूतकाळी रूपात सांगतात. जुना फरक उरला तो ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढ्यातच. बोलताना तिथेही आता ‘वॉज’ सर्रास चालतं.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. आपले व्याकरणकार या रूपाला संकेतार्थ म्हणतात. ‘तो इथे असतो’ ही रोजची गोष्ट. ‘तो इथे असता तर’ म्हणजे तो इथे नाही. ‘मी’ला मात्र दोन्हीकडे ‘असतो’च!

तुलनेत मराठीची रीत निराळी. ‘जणू तो राजाच आहे’ यात क्रियापद साधं वर्तमानकाळी. तो राजा नाही, हे ‘जणू’ सांगतो. आणि ‘जखमी असल्यासारखा चालतो’ म्हटलं, तर खरं की सोंग हे वाक्य ठरवतच नाही. माझ्या मनात हेच मराठी वाक्य होतं. इंग्रजीत उतरवताना ‘वेअर’ लिहिलं आणि कौल जवानाच्या विरुद्ध गेला.

नातीला एवढंच सांगितलं: खरं असू शकेल तिथे ‘इज’, नुसती कल्पना असेल तिथे ‘वेअर’. परीक्षेत चुकलीस तर एक गुण जाईल. माझ्या चुकीने एक जवान मोडक्या पायाने आठवडाभर चालला.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.