मोटारीच्या काचांची फिल्म : काळेपणा नव्हे, गारवा निवडा

एप्रिल-मे महिन्यांत भर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे दार उघडताच भट्टीसारखी झळ अंगावर येते. उपाय म्हणून काचांना फिल्म बसवण्याचा विचार होतो आणि 'जितकी काळी, तितकी थंड' या समजुतीने गडद फिल्म निवडली जाते. ही समजूत फसवी आहे. चुकीच्या फिल्ममुळे उकाडा फारसा कमी होत नाहीच; उलट फास्टॅग आणि जीपीएसमध्ये अडथळे येतात आणि दंडाची पावतीही हाती पडू शकते.

उष्णता येते कोठून?

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक ऊर्जा अवरक्त किरणांत असते. उरलेली बहुतांश ऊर्जा दृश्य प्रकाशात, तर अगदी थोडी अतिनील किरणांत असते. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे जवळजवळ पारदर्शक दिसणारी फिल्मही बरीच उष्णता अडवू शकते, तर नुसता काळा रंग दिलेली स्वस्त फिल्म प्रामुख्याने उजेडच कमी करते.

फिल्मचे प्रकार

रंगीत फिल्म सर्वांत स्वस्त. मात्र ती कालांतराने फिकी पडते. धातूचा सूक्ष्म थर असलेली फिल्म ऊन परावर्तित करते, त्यामुळे ती प्रभावी ठरते. कार्बन फिल्मचा रंग अधिक टिकतो. सिरॅमिक फिल्ममध्ये अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. ती अवरक्त किरण अडवते आणि तिच्यात धातूचा सलग थर नसल्याने रेडिओलहरींना सहसा बाधा येत नाही. किंमत मात्र सर्वाधिक.

लहरींना अडसर

धातूचा थर वीजवाहक असल्याने तो रेडिओलहरी परतवतो. भारतात फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. त्याला स्वतःची बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राच्या लहरींतूनच त्याला ऊर्जा मिळते. वाटेत धातूचा पडदा आला, की टॅग वाचला न जाण्याची शक्यता वाढते. उपग्रहांकडून येणारा जीपीएसचा संकेत तर मुळातच क्षीण असतो. काही मोटारींच्या पुढच्या काचेत कारखान्यातच असा थर दिलेला असतो. तेथे आरशामागे मोकळा ठेवलेला भाग असल्यास टॅग त्याच जागी लावावा.

कोणता आकडा पाहावा?

विक्रेते '९० टक्के अवरक्त रोध' असे आकडे सांगतात. तो आकडा अनेकदा अवरक्त पट्ट्याच्या एखाद्या भागापुरताच मोजलेला असतो. ग्राहकाने 'टीएसईआर', म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के अडवली जाते, हा आकडा मागावा. दुकानातील दिव्यासमोर हात धरण्याच्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. ऊन शोषणारी फिल्म तापल्यानंतर त्यातील काही उष्णता आत सोडते, हे त्या काही क्षणांत कळत नाही.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. हे प्रमाण काच आणि फिल्म मिळून मोजले जाते. मूळ काच ७५ टक्के आणि फिल्म ७० टक्के प्रकाश सोडत असेल, तर गुणाकाराने सुमारे ५२ टक्के उरतात. फिल्म ६० टक्क्यांची घेतली, तर ४५ टक्केच उरतात आणि नियम मोडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर बाहेरून विकत घेतलेली कोणत्याही प्रमाणाची फिल्म लावण्यास मनाई केली होती. २०२० मध्ये नियमात दुरुस्ती होऊन 'सेफ्टी ग्लेझिंग'चा समावेश झाला. त्याआधारे केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये निकषांत बसणाऱ्या फिल्मला परवानगी असल्याचा निर्वाळा दिला. तरीही अन्य राज्यांत पोलीस २०१२ च्या आदेशावर बोट ठेवू शकतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी स्थानिक वाहतूक पोलिसांकडे चौकशी करणे शहाणपणाचे.

फिल्म बसवायचीच असेल, तर ती धातुविरहित असल्याचे आणि तिची प्रकाश व उष्णतेची टक्केवारी बिलावर लिहून घ्यावी. बसवल्यानंतर विक्रेत्याने सांगितलेले दिवस काचा खाली करू नयेत आणि अमोनियायुक्त द्रावणाने पुसू नयेत. हे सारे नको असेल, तर सावलीत गाडी लावणे, उभ्या गाडीच्या पुढच्या काचेमागे परावर्तक पडदा ठेवणे आणि निघताना क्षणभर सर्व काचा उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ देणे, हे बिनधोक उपाय आहेतच.