लडलो : सीमेवरचें एक गांव

आपण गडकोटांच्या मुलखांतले लोक. किल्ला दिसला कीं तो कोणाच्या धाकानें आणि कोणाला धाक घालण्यासाठीं बांधला, हा प्रश्न आपल्या मनांत सहज उठतो. इंग्लंडांतील लडलो गांवीं जातांनाहि हा प्रश्न बरोबर न्यावा.

श्रॉपशर परगण्यांत, वेल्सच्या सीमेपासून कांहीं मैलांवर, टीम नदीच्या कांठीं हें गांव टेकडीवर वसलें आहे. नदीवरून ब्रॉड स्ट्रीटचा चढ चढावा, जुन्या वेशीच्या कमानीखालून जावें, सेंट लॉरेन्सच्या चर्चचा उंच मनोरा पाहावा. १६१९ सालच्या ‘फेदर्स’ ह्या इमारतीचें लाकडावरील कोरीव काम पाहून मग पश्चिमेच्या टोंकाशीं किल्ला गांठावा.

अकराव्या शतकाच्या अखेरीस द लासी ह्या नॉर्मन घराण्यानें वेल्श लोकांवर वचक ठेवण्यासाठीं तो बांधावयास घेतला. आंतील चौकांत बाराव्या शतकांतील वर्तुळाकार प्रार्थनामंदिराच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. १५०२ च्या एप्रिलांत पंधरा वर्षांचा युवराज आर्थर येथेंच वारला. त्याची विधवा कॅथरिन पुढें धाकट्या दिराची, म्हणजे आठव्या हेन्रीची, राणी झाली. आणि तो विवाह मोडण्याच्या खटाटोपांत इंग्लंडचें चर्च रोमपासून फुटलें.

वेल्सचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचें ठाणें येथेंच होतें. १५३६ च्या कायद्यानें वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली. ज्याला केवळ वेल्श येई त्याला अधिकारपद बंद झालें. १६३४ मध्यें ह्या मंडळाच्या अध्यक्षाच्या गौरवार्थ मिल्टनची ‘कोमस’ ही नाट्यकृति किल्ल्यांत झाली. तींत त्याच्याच तीन मुलांनीं भूमिका केल्या. काव्य आणि हुकमत एकाच भिंतीआड नांदत होतीं! १६८९ सालीं मंडळ मोडलें आणि किल्ला ओसाड पडला.

१८११ मध्यें तो पॉविसच्या अर्लनें विकत घेतला. हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा पुत्र एडवर्ड. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू मारला गेला, तेव्हां मद्रासचा गव्हर्नर हाच होता. टिपूचा तंबू आजहि सीमेपलीकडील पॉविस किल्ल्यांत आहे. वेल्सवरील पहारा आणि हिंदुस्थानांतील सत्ता हे दोन धागे असे एकाच घराण्याच्या हातीं आले.

ह्या पडक्या भिंतींवर वेली चढल्या म्हणून त्यांचा मूळ हेतु विसरूं नये. परंतु दुसरी गोष्टहि ध्यानीं ठेवावी. ज्या भाषेला कचेरींत मज्जाव झाला, ती घरांत, शेतांत आणि प्रार्थनेंत टिकली. आणि २०११ मध्यें वेल्समध्यें तिला कायद्यानें अधिकृत स्थान मिळालें. किल्ला ढांसळला, भाषा उरली. लडलोहून परततांना आपण हेंच सोबत आणावें.