संगणकाला दूरध्वनी जोडताना : व्हॉइस मोडेम की टेलिफोनी कार्ड?

दूरध्वनीची घंटा वाजताच संगणकाने तो उचलावा, ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवावे, बोलणाऱ्याचा निरोप नोंदवून घ्यावा किंवा त्याने दाबलेल्या आकड्यानुसार माहिती द्यावी, यासाठी संगणक आणि दूरध्वनीची तार यांच्यामध्ये एका दुव्याची आवश्यकता असते. हे काम व्हॉइस मोडेम अथवा टेलिफोनी कार्ड करते. वाचता न येणाऱ्या व्यक्तीलाही अशा सेवेचा लाभ घेता येतो, हे तिचे मोठे सामर्थ्य होय. शेतकऱ्यांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ऐकावीत यासाठी गुजरातमध्ये राबविण्यात आलेला ‘आवाज ओटलो’ हा उपक्रम, तसेच २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू झालेली ‘सीजीनेट स्वर’ ही सेवा, ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

मात्र अशी यंत्रणा यशस्वी होणे उपकरणाच्या किमतीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते. स्थानिक दूरध्वनी केंद्राकडून येणारे संकेत उपकरणाला अचूक ओळखता आले पाहिजेत. ते ओळखले गेले नाहीत, तर पलीकडच्या व्यक्तीने रिसीव्हर ठेवल्यानंतरही लाइन अडकून राहते आणि मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या पुढच्या माणसाला केवळ व्यग्रतेचा सूर ऐकू येतो.

व्हॉइस मोडेम

साधा मोडेम संगणकातील माहितीचे श्राव्य संकेतांत आणि श्राव्य संकेतांचे पुन्हा माहितीत रूपांतर करतो. १९९८ मध्ये मान्य झालेल्या व्ही.९० मानकानुसार हा वेग सेकंदाला कमाल ५६ किलोबिट इतका आहे. व्हॉइस मोडेममध्ये याखेरीज आवाज ध्वनिमुद्रित करण्याची, ऐकविण्याची आणि दाबलेले आकडे ओळखण्याची सोय असते. त्यासाठीच्या आज्ञा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या व्ही.२५३ या शिफारशीत दिलेल्या आहेत.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. मोडेमवर स्वतःचा नियंत्रक आहे, की त्याचे बरेचसे काम संगणकाच्या प्रोसेसरवर सोपविलेले आहे, ही पहिली गोष्ट. दुसऱ्या प्रकारचे मोडेम स्वस्त असले तरी पूर्णपणे चालक प्रणालीवर, म्हणजे ड्रायव्हरवर, अवलंबून असतात. जुन्या विंडोजसाठी आलेले असे अनेक मोडेम ६४ बिटच्या प्रणालीवर निरुपयोगी ठरतात. दुसरी गोष्ट म्हणजे खोक्यावर ‘फॅक्स मोडेम’ लिहिलेले असले, तरी त्यात आवाजाची सोय असेलच असे नाही.

याची खात्री करून घेण्याची पद्धत सोपी आहे. मोडेम जोडल्यावर टर्मिनल प्रोग्राममधून ‘एटी+एफक्लास=?’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. उत्तरात ८ हा आकडा असल्यास मोडेम आवाज हाताळू शकतो. नसल्यास तो केवळ माहिती व फॅक्ससाठी आहे असे समजावे. ‘एटी+व्हीएसएम=?’ या आज्ञेने ध्वनिमुद्रणाच्या उपलब्ध पद्धती समजतात. ‘एटी+व्हीसीआयडी=१’ या आज्ञेने दूरध्वनी करणाऱ्याचा क्रमांक दाखविण्याची सोय सुरू होते; ती आज्ञा नाकारली गेल्यास मोडेममध्ये ती सोय नाही. विंडोजमध्ये टॅपी या व्यवस्थेमार्फत, तर लिनक्समध्ये व्हीगेटी या प्रोग्रामच्या साहाय्याने उत्तरयंत्र तयार करता येते.

व्हॉइस मोडेमच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एका मोडेमवर एकच लाइन चालते. अनेक मोडेम एका वेळी एकाच दिशेने आवाज हाताळतात, म्हणजे निवेदन सुरू असताना बोलणाऱ्याचे शब्द त्यांना टिपता येत नाहीत. निरोप नोंदविणे किंवा कार्यालयाची वेळ सांगणे, इतक्या कामासाठी मात्र ते पुरेसे असतात.

टेलिफोनी कार्ड

एकाहून अधिक लाइन, कॉल दुसऱ्या यंत्राकडे वळविणे किंवा दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी हाताळणे आवश्यक असेल, तेथे टेलिफोनी कार्ड वापरावे लागते. या क्षेत्रात दीर्घकाळ अमेरिकेतील डायलॉजिक कंपनीच्या महागड्या कार्डांचा दबदबा होता. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये अ‍ॅस्टरिस्क ही मुक्त संगणकप्रणाली लिहिली आणि त्यांच्या डिजियम कंपनीने तिच्यासाठी स्वस्त कार्डे बाजारात आणली. त्यांपैकी एक्स१००पी हे एका लाइनचे कार्ड मूलतः मोडेमच्याच चिपवर आधारलेले होते. टीडीएम४००पी या कार्डावर चार लाइनपर्यंतची सोय होती. २०१८ मध्ये डिजियम ही सँगोमा या कॅनडातील कंपनीकडे गेली.

कार्ड निवडताना एफएक्सओ आणि एफएक्सएस हा भेद समजून घेणे महत्त्वाचे आहे. केंद्राकडून येणारी तार एफएक्सओला जोडतात. एफएक्सएस स्वतः वीज व घंटा पुरविते, म्हणून तिला साधे दूरध्वनी यंत्र जोडतात. केंद्राची तार चुकून एफएक्सएसला जोडल्यास कार्ड जळण्याचा धोका असतो. टीडीएम४००पीवर हा घोटाळा टळावा म्हणून एफएक्सओचे मोड्यूल लाल आणि एफएक्सएसचे हिरवे ठेवण्यात आले होते. संरचनेच्या फाइलमध्ये मात्र नेमके उलट लिहावे लागते. एफएक्सओ पोर्टला एफएक्सएस पद्धतीचे संकेत लावले जातात, आणि नवशिक्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते.

किती लाइन लागतील याचा साधा हिशेब करता येतो. एक कॉल सरासरी ३ मिनिटांचा धरल्यास एका लाइनवर तासाला जास्तीत जास्त २० कॉल घेता येतात. प्रत्यक्षात कॉल एकाच वेळी येत असल्याने ही संख्या कमीच भरते. मोठ्या केंद्रांसाठी ई१ ही अंकीय जोडणी वापरतात. तिच्यात एकाच जोडणीवरून ३० संभाषणे चालतात. अमेरिकेतील टी१ जोडणीची कार्डे भारतातील जोडणीवर चालविण्यापूर्वी ती ई१ मानकावर लावता येतात का, हे पाहणे आवश्यक आहे.

भारतीय लाइनसाठी जुळवणी

बहुतेक उपकरणांची मूळ जुळवणी अमेरिकी जाळ्यासाठी केलेली असते. भारतात आवाजाच्या संकेतनासाठी ए-लॉ ही पद्धत वापरली जाते, अमेरिकेत म्यू-लॉ. अ‍ॅस्टरिस्कसोबत वापरल्या जाणाऱ्या डाहडी या ड्रायव्हरमध्ये, ज्याचे २००८ पर्यंतचे नाव झॅपटेल असे होते, सुरांचा विभाग ‘इन’, म्हणजे भारत, असा ठेवावा लागतो.

क्रमांक दाखविण्याच्या बाबतीत भारताची स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत पहिल्या व दुसऱ्या घंटेच्या मध्ये वारंवारता बदलून क्रमांक पाठविला जातो. भारतातील अनेक केंद्रे मात्र तारेतील विजेची ध्रुवता उलटवून, बटणांच्या सुरांमधून म्हणजे डीटीएमएफ पद्धतीने, तो पाठवितात. अ‍ॅस्टरिस्कमध्ये त्यासाठी ‘पोलॅरिटी_आयएन’ हा खास भारताच्या नावाचा पर्याय आहे. केवळ अमेरिकी पद्धत ओळखणाऱ्या मोडेमवर अशा लाइनचा क्रमांक कधीच दिसणार नाही. तो दोष लाइनचा नसतो.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे कॉल संपल्याची ओळख. काही केंद्रे अशा वेळी ध्रुवता पुन्हा उलटवितात. जेथे तसे होत नाही, तेथे व्यग्रतेचा सूर हाच एकमेव पुरावा उरतो. भारतात हा सूर ४०० हर्ट्झचा असून तो पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. ड्रायव्हरला ७५०, ७५० मिलिसेकंद हा आकृतिबंध देऊन असे चार सूर मोजावयास सांगितले, तर सुमारे ६ सेकंदांत लाइन मोकळी होते. मोजणी फार कमी ठेवल्यास चालू संभाषणही तुटू शकते. ही जुळवणी न केल्यास आणि प्रत्येक कॉलनंतर लाइन आणखी ३ मिनिटे अडकल्यास तासाला २० ऐवजी १० जणांचेच कॉल घेतले जातील. म्हणून सेवा सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या यंत्रांवरून दूरध्वनी करून, मध्येच रिसीव्हर ठेवून, लाइन किती वेळात सुटते हे घड्याळ लावून पाहावे. निरोपाच्या लांबीवरही कमाल मर्यादा घालावी.

प्रतिध्वनी आणि तुटणारा आवाज

स्वतःचाच आवाज परत ऐकू येणे ही दुसरी नेहमीची तक्रार असते. दोन तारांची लाइन आणि कार्ड यांचा विद्युतरोध जुळत नसल्यास असे घडते. फक्त आवाजाची पातळी वाढविल्याने प्रतिध्वनी अधिकच बळावतो. आधी विद्युतरोधाची जुळवणी, नंतर प्रतिध्वनी निवारण आणि शेवटी पातळी, असा क्रम ठेवावा. आवाज तुटत असल्यास इंटरप्ट तपासावेत. टीडीएम४००पीसारखी कार्डे प्रोसेसरला सेकंदाला १,००० वेळा हाक देतात; तीच हाकेची वाट दुसऱ्या उपकरणासोबत वाटून घ्यावी लागली, तर आवाजात खरखर येते. कार्ड दुसऱ्या खाचेत बसविल्याने हा दोष पुष्कळदा दूर होतो. जुनी पीसीआय कार्डे विकत घेण्यापूर्वी संगणकात ती खाच आहे का, हेही पाहावे. नव्या संगणकांत बहुधा पीसीआय एक्स्प्रेसच असते.

सुरक्षितता आणि कायदा

तारेतून येणारा विजेचा लोट मोडेम व कार्डांचा मोठा शत्रू आहे. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू होताच तार काढून ठेवणे उत्तम. ते शक्य नसल्यास भूसंपर्क असलेला विद्युत संरक्षक बसवावा.

स्वतःच्या लाइनवर उत्तरयंत्र चालविणे आणि दुसऱ्यांचे कॉल वाहून नेणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. इंटरनेटवरून आलेले परदेशी कॉल विनापरवाना स्थानिक जाळ्यात सोडणे हा गुन्हा आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार परवानगीशिवाय दूरसंचार सेवा पुरविल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा २ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संभाषण नोंदविले जात असल्यास तशी सूचना निवेदनाच्या आरंभीच द्यावी.

आजचे पर्याय

घरोघरी फायबर आल्यावर दूरध्वनीची तार त्या यंत्रातील एफएक्सएस पोर्टमधून निघते. तिला कार्डाचा एफएक्सओ जोडता येतो. मात्र त्यावरून मोडेमने माहिती पाठविणे भरवशाचे राहत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या संस्थेने छोटे गेटवे यंत्र किंवा सेवा कंपनीची एसआयपी जोडणी यांचाही विचार करावा. त्यांत संगणकाची खाच लागत नाही आणि कॉल संपल्याचा संदेश स्पष्टपणे मिळतो. हाताशी तांब्याची लाइन आणि चालू स्थितीतील कार्ड असेल, तर तेही उत्तम काम देते. मात्र त्याची परीक्षा भारतीय केंद्राच्या सुरांवर झालेली असली पाहिजे.